ओलेगारिओच्या रात्रीची तारीख

ओलेगारिओ तापिया गेला त्याला येत्या ऑगस्टात दोन वर्षं होतील. डोंगरावर त्याच्या नावाची पाटी लावायची असं मध्यंतरी कुणीतरी काढलं होतं. मी म्हटलं, जरूर लावा, पण तारीख मला विचारून घाला. त्यानंतर तो विषय कुणी माझ्यासमोर काढला नाही.

मी नेल्दा. आन्तोफागास्ता शहराच्या दक्षिणेला बसनं दोन तासांवर दुर्बिणींचा जो डोंगर आहे, तिथल्या खानावळीत मी बावीस वर्षं स्वयंपाक केला. शास्त्रज्ञ असो नाहीतर ड्रायव्हर, सगळे मला तिया म्हणतात, म्हणजे मावशी. निम्म्या जगातले लोक माझ्या हातचं जेवून गेले आणि त्यातल्या निम्म्यांनी मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं. ओलेगारिओनं बावीस वर्षांत एकदाही केलं नाही. संध्याकाळी पाचला, म्हणजे त्याच्या सकाळी, तो यायचा, पावाला आवोकाडो फासून घ्यायचा, खिडकीजवळ बसून खायचा आणि ताटली स्वतः विसळून ठेवायचा. सगळे त्याला माएस्त्रो म्हणायचे, म्हणजे उस्ताद. बोलणं जेमतेम. "काय माएस्त्रो, झोप झाली?" म्हटलं की "झाली" म्हणायचा, आणि झाली नसली तरी "झाली"च म्हणायचा.

तो ताल्ताल बंदरातल्या एका कोळ्याचा मुलगा. पण कोळ्याच्या पोटी जन्मून त्याला बोट लागायची. बापानं दोन हंगाम वाट पाहिली आणि मग हात जोडले. ओलेगारिओ तांब्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन झाला, आणि डोंगरावर पहिली दुर्बीण बसत होती तेव्हा वायरिंगच्या कामाला म्हणून वर आला तो वरच राहिला. पुढे दुर्बीण चालवायलाच शिकला. लोकांना वाटतं दुर्बीण शास्त्रज्ञ चालवतात. शास्त्रज्ञ नुसतं सांगतो, अमुक तारा दाखव. तो चार मजली डोलारा फिरवून नेमका तारा पकडणारा आणि रात्रभर धरून ठेवणारा माणूस वेगळा असतो. तो ओलेगारिओ.

डोंगरावरच्या काही सवयी माणसाच्या अंगात मुरतात. अंधार पडायच्या आत पडदे ओढायचे, गाडीचे दिवे लावायचे नाहीत, कारण बाहेर उजेड पडला की दुर्बिणीचं काम बिघडतं. एकदा आन्तोफागास्तात पोलिसानं ओलेगारिओला भर रस्त्यात अडवलं. हा संध्याकाळी दिवे न लावता गाडी हाकत चाललेला. पोलीस म्हणाला, "आजोबा, दिवे?" हा म्हणतो, "नको नको, दुर्बिणी उघडल्यात." पोलिसानं त्याचा श्वास हुंगून पाहिला. ही गोष्ट आम्ही वर्षभर चघळली. तो खानावळीत शिरला की कोपऱ्यातून कुणीतरी ओरडायचं, "माएस्त्रो, दिवे!"

दुसरी सवय तारखेची. आमच्याकडे तारीख दुपारी बाराला बदलते. रात्रीच्या बाराला बदलली तर एकाच रात्रीचे दोन तुकडे पडतात आणि नोंदींचा गोंधळ होतो. म्हणून रात्र ज्या संध्याकाळी सुरू झाली तीच तिची तारीख, पहाटे पाचलाही तीच. रात्रपाळीच्या डब्यांवर मी तारखेची चिठ्ठी डकवायची ती त्याच हिशेबानं. नवीन आलेला माणूस महिनाभर चुकतो. मग त्याला त्याचं काही वाटेनासं होतं, आणि तिथून पुढे तो खाली गावात गेल्यावर चुकायला लागतो. ह्याच्यावर आम्ही हसायचो. वाढदिवस चुकलेत, दातांच्या डॉक्टरची वेळ चुकलीय.

ओलेगारिओची बायको मिरेया आजारानं गेली तेव्हा त्यांची मुलगी यास्ना नऊ वर्षांची होती. मिरेयाची आई इर्मा, मानानं दोन्या इर्मा, हिनं पोरीला आपल्याकडे नेलं. दुसरं करणार काय? हा आठ दिवस वर, सहा दिवस खाली, आणि त्या सहांतले पहिले दोन झोपेत. दोन्या इर्माला जावई आधीपासूनच आवडत नव्हता. ती त्याला तोंडावर "घुबड" म्हणायची. वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना डोंगर दाखवायला आणतात. यास्ना बारा वर्षांची असताना तशी आली होती. दुर्बीण तिनं पाहिली न पाहिली, सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"तिया, बाबा इथे हसतात का हो?"

"हसतो की. कधी कधी."

"कशाला?"

म्हटलं, "मी त्याची टिंगल करते ना, तेव्हा."

तिनं ते लक्षपूर्वक ऐकून घेतलं. म्हणाली, "घरी ते झोपतात."

आता त्या ताऱ्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपण ज्या आकाशगंगेत राहतो तिच्या मधोमध एक कृष्णविवर आहे. चाळीस लाख सूर्यांचं वजन एका ठिकाणी, आणि दिसत काही नाही. त्याच्या अगदी जवळून एक तारा फिरतो. एका फेरीला त्याला सोळा वर्षं लागतात. ओलेगारिओनं तो दोन हजार दोन साली पाहिला, सगळ्यात जवळ आला होता तेव्हा. नंतर दर वर्षी कुणी ना कुणी शास्त्रज्ञ यायचा आणि तोच तारा मागायचा. ओलेगारिओला तो कुठे असेल हे तोंडपाठ झालं होतं.

एके दिवशी मी बटाटे सोलत होते. मी विचारलं, "माएस्त्रो, तोच तोच तारा किती वेळा बघायचा? तोंड पाठ नाही झालं अजून?"

त्या दिवशी तो बोलला. एवढं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, "तिया, तारा बघायचा नाहीये. त्याची वाट बघायचीय, तो ज्या वाटेनं फिरतो ती. त्या विवराभोवती आणखी काहीतरी साचलेलं असेल म्हणतात. उजेड देत नाही, उजेड अडवत नाही. नुसतं वजन. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. सगळ्या आकाशगंगेत ते आहे, आणि एवढ्या मोठ्या विवरापाशी तर ते दाट होऊन बसलं असेल, असं यांचं म्हणणं."

"मग दिसत नाही तर सापडणार कसं?"

त्यानं माझ्या हाताजवळचा झाकण घातलेला डबा उचलला. "ह्यात साखर किती आहे ते झाकण न काढता कळतं की नाही? हाताला वजन लागतं. तसं त्या ताऱ्याला लागेल. नुसतं विवरच असेल तर ताऱ्याची वाट दर फेरीला एवढीशी पुढे सरकते. भोवती न दिसणारं काही असेल तर ते तिला मागे ओढेल. आम्हाला ते ओढणं मोजायचंय."

"आणि किती ओढेल?"

"फार नाही," तो म्हणाला. "म्हणून तर सोळा वर्षं."

दोन हजार अठराच्या मेमध्ये तारा पुन्हा सगळ्यात जवळ येणार होता. एकोणीस मेची रात्र. महिनाभर आधीपासून डोंगरावर लग्नघर झालं होतं. पोर्तुगालची फिलिपा नावाची एक पोरगेलेली शास्त्रज्ञ बाई त्या कामासाठी आली होती, सतत काहीतरी चावत बसणारी. तिनं साफ सांगितलं, त्या रात्री मला दुर्बिणीवर माएस्त्रो ओलेगारिओच हवा.

आणि त्याच महिन्यात यास्नाचा निरोप आला.

ती तेव्हा चोवीसची होती, नर्स झाली होती, लग्न झालं होतं. लग्नात ह्या बापलेकींचं काहीतरी बिनसलं. रात्रपाळी करून थेट आलेला हा माणूस जेवणाच्या टेबलावरच झोपला, सगळ्या पाहुण्यांसमोर, आणि दोन्या इर्मानं त्याचा फोटो काढून नातेवाइकांत फिरवला. त्यानंतर वर्षभर दोघं बोलली नव्हती. आता ती नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला चालली होती. कायमचीच म्हणायची. तिनं लिहिलं होतं, "बाबा, विमान २० मे, ०१:५०. त्याआधी आजीकडे ओन्सेला या. मग सगळे मिळून विमानतळावर जाऊ. या नक्की."

ओन्से म्हणजे आमच्याकडचा संध्याकाळचा चहा-पाव. ओलेगारिओ फोन हातात धरून स्वयंपाकघरात आला. मला वाचून दाखवलं. मग "या नक्की" एवढंच पुन्हा वाचून दाखवलं.

"मग? काय उत्तर दिलंस?"

"येतो म्हटलं."

उत्तर एवढंच होतं. "येतो." वीसला संध्याकाळी येतो, असं लिहिलं असतं तर तिनं तिथल्या तिथे कळवलं असतं की बाबा, वीसला संध्याकाळी मी समुद्रापलीकडे असेन. पण ह्या माणसाला शब्द खर्चायला जिवावर यायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानं माझ्या देखत वीस तारखेला पेन्सिलीनं गोल केला. म्हणाला, "जमलं बघ. एकोणीसची रात्र ताऱ्याची, वीसची यास्नाची."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "वा, छान जुळून आलं." मी, जी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात घालवलेली बाई. पहाटेचे एक पन्नास आमच्या लेखी आदल्या संध्याकाळच्याच तारखेचे, म्हणून वीस लिहिलंय म्हणजे वीसच्या संध्याकाळी सुरू होणारी रात्र. माझ्याही डोक्यात दुसरा विचार आला नाही. पाठीमागे ड्रायव्हर विलीबाल्दो बसला होता, त्यालाही कळलं नाही. फिलिपा चावत बसली होती, तिलाही नाही. चार माणसांसमोर ती चूक कॅलेंडरवर गोल होऊन पडली होती, आणि चौघांपैकी एकालाही ती दिसली नाही.

वीसला न्यायचा म्हणून मी केक करायला घेतला. एकावर एक पापुद्रे आणि मधे आटवलेल्या दुधाचं सारण, यास्नाला आवडायचा तसा. एकोणीसच्या संध्याकाळी तो मुरत ठेवला होता, आणि साडेसातच्या सुमाराला खानावळीतला फोन वाजला.

दोन्या इर्मा. "ओलेगारिओ कुठाय? फोन उचलत नाही."

दुर्बिणीच्या खोलीत फोन न्यायला बंदी आहे, फोन कपाटात ठेवून जायचं असतं. मी तसं सांगितलं. वर तोंड भरून म्हटलं, "आज त्याला हलवता यायचं नाही हो. आज ताऱ्याची रात्र आहे. सोळा वर्षांनी आलीय."

पलीकडे कपबश्यांचा आवाज येत होता. मग म्हातारी म्हणाली, "अस्सं. ताऱ्याची रात्र." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी फुरंगटली. मी केकवर झाकण घातलं आणि डब्यांवर चिठ्ठ्या डकवायला लागले. उद्या तर येतोच आहे तो तुमच्याकडे, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं तरी सगळं उलगडलं असतं. विमानाला अजून सहा तास होते. विलीबाल्दोनं त्याला दोन तासांत खाली नेऊन सोडला असता. पण मी ते बोलले नाही. ह्याला दोष द्यायला मला दुसरं माणूस सापडत नाही.

रात्र सुरेख गेली म्हणे. हवा स्वच्छ, तारा हवा तिथे, ओलेगारिओनं एकदाही सुटू दिला नाही. सकाळी सातला तो कपाटातला फोन घेऊन खानावळीत आला. दोन्या इर्माचे सहा फोन आणि यास्नाचा एक. त्याला वाटलं, आठवण करून द्यायला केले असतील. इतक्या सकाळी म्हातारीला कशाला उठवायचं, म्हणून त्यानं उलट फोन केला नाही. मला मात्र हौसेनं दाखवलं. "हा बघ, हा तिनं स्वतः केलाय." मग झोपायला गेला.

दुपारच्या बसनं तो खाली गेला. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर केकचा खोका. पुढचं त्यानं मला कधीच नीट सांगितलं नाही. मला ते दोन्या इर्माच्या शेजारणीकडून कळलं. त्यानं बेल वाजवली. म्हातारीनं दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. म्हणाली, "तिनं साडेअकरापर्यंत बाहेरचं दार बंद करू दिलं नाही." हा म्हणाला, "पण आज वीस आहे." म्हातारी म्हणाली, "हो, घुबडा. आज वीस आहे." आणि दार लावून घेतलं. तो पायरीवर बराच वेळ उभा होता. केक तिथेच ठेवून गेला.

आठवड्यानं तो वर आला तेव्हा त्याला पाहून कुणी "माएस्त्रो, दिवे" म्हणालं नाही.

त्यानं यास्नाला सगळं लिहून कळवलं. फोनवर एवढं मोठं लिहायला त्याला दोन दिवस लागले. तिचं उत्तर आलं: "ठीक आहे, बाबा. पोचलो आम्ही." बस. फोन केला तर हवापाणी बोलायची. विषय काढला की "असू दे" म्हणायची. असू दे म्हणजे काय? पटलं, की सोडून दिलं? त्याला ते कळेना. आणि कळेना म्हणून त्याचा जीव पोखरला जाऊ लागला. मुलगी गेली ह्याचं दुःख त्यानं गिळलं असतं. पण आपण तिला सोडून तारा निवडला असं तिला वाटत राहावं, हे त्याला सोसेना.

मग त्यानं पुरावे गोळा करायला सुरुवात केली. हसू नका, मीही तेव्हा हसले नाही. त्यानं त्या रात्रीच्या नोंदींची प्रत काढली. वर तारीख १९ मे, खाली ओळीत वेळ ०१:५०, शेजारी तारा धरल्याची नोंद. खाली आपल्या हातानं लिहिलं, "बघ यास्ना, तुझं विमान उडालं तेव्हा इथे एकोणीसच होती." पाकिटात घालून न्यूझीलंडला पाठवलं. विलीबाल्दो खाली गेला की पोस्टात टाकायचा. पुढच्या महिन्यात कॅलेंडरच्या पानाचा फोटो. त्याच्या पुढच्या महिन्यात आमचं निवेदन: आम्ही खाली सही करणारे, असे कळवतो की. मी सही केली, विलीबाल्दोनं केली, फिलिपानं पोर्तुगालहून करून पाठवली. मी माझ्या फोनवरच्या बोलण्याचंही त्यात लिहिलं, माझ्याच हातानं, कारण ते मलाच लिहायला हवं होतं.

उत्तर नाही.

तरी हा दर महिन्याला पाठवतच राहिला. पुरावे संपले तेव्हा तो ताऱ्याचं लिहायला लागला. पत्र पाठवायच्या आधी मला वाचून दाखवायचा, शुद्धलेखन तपासायला म्हणून. जशी काही मी मास्तरीणच. एका पत्रातलं मला आठवतं: "तारा आता विवरापासून लांब चाललाय आणि मंद झालाय. आता त्याची वाट मोजायची. कृष्णद्रव्य असेल तर ती मागे पडेल. अजून पडलेली नाही. कळवीन." दुसऱ्यात होतं: "तुझी आई असती तर तिनं मला तारीख बरोबर सांगितली असती." ते वाचताना तो थांबला आणि मला म्हणाला, "हे खोडू का?" मी म्हटलं, "राहू दे."

एकदा मी चिडले. म्हटलं, "माएस्त्रो, पुरे झालं आता. ती दगड आहे. उत्तर द्यायला हात झिजतात का तिचे?"

तो कधी नव्हे तो माझ्यावर तापला. "तिला काही बोलायचं नाही, नेल्दा." नेहमीसारखं तिया म्हणाला नाही. "तिला पटेल असा पुरावा मी अजून दिलेला नाही. चूक माझी आहे."

त्याची सगळी मदार मग त्या मोजणीवर येऊन बसली. पुराव्याशी मोजणीचा काही संबंध नव्हता, मला माहीत आहे. पण मनाचं काय असतं, ती रात्र त्याला फार महाग पडली होती आणि तिच्या बदल्यात काहीतरी मिळायला हवं होतं. त्या रात्रीच्या मोजमापातून ते न दिसणारं सापडलं, तर यास्नाला कळवता येईल की बघ, तुला मुकलो ती रात्र अगदीच वाया गेली नाही.

फिलिपा पुन्हा आली ती चार वर्षांनी. खानावळीत ओलेगारिओच्या समोर येऊन बसली, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडात चावायला काही नव्हतं.

"माएस्त्रो, निकाल आला. वाट अगदी कृष्णविवराच्या एकट्याच्या हिशेबाप्रमाणे पुढे सरकलीय. मागे ओढणारं काही दिसत नाही."

"काहीच नाही?"

"असेल तरी विवराच्या वजनाच्या हजाराव्या भागाहून कमी. तेवढ्यानं तारा हलत नाही. आम्हाला मोजता येत नाही." त्याचा चेहरा पाहून ती घाईनं म्हणाली, "पण हाही शोधच आहे. तिथे किती नाही हे कळणं, हेही फार मोठं आहे. आणि ते तुमच्या त्या रात्रीमुळे कळलं."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुला उद्या रिकामं ताट वाढते. ते जेव आणि पोट भरलं म्हण."

"तिया, गप," ओलेगारिओ म्हणाला. मग तिला म्हणाला, "असेल, पण हलवण्याइतकं नसेल. असंच ना?"

"असंच."

त्यानं ताटली विसळली आणि कामावर गेला. त्या महिन्याचं पत्र सगळ्यात छोटं होतं. "यास्ना, निकाल आला. काही सापडलं नाही. हवा थंड आहे. तुझा बाबा." मी वाचलं. त्यात एकही चूक नव्हती.

पुढच्या वर्षी ऑगस्टात, सुट्टीच्या दिवसांत, तो आन्तोफागास्ताच्या घरी गेला. छातीत कळ आली म्हणून खुर्चीत बसला, तो तसाच गेला. त्रेसष्ट वर्षांचा होता. दुपारची वेळ होती आणि त्यानं पडदे ओढलेले होते. दफनाला आम्ही डोंगरावरचे अकराजण गेलो. दोन्या इर्मा काठी टेकत आली आणि रडली. मला ते अपेक्षित नव्हतं. यास्नाला नववा महिना होता, तिला विमानात चढू देईनात.

ती आली चार महिन्यांनी, पोटाशी झोळीत मूल घेऊन. त्याच्या कपाटातलं सामान घ्यायला बापाची मुलगी म्हणून तिला वर येऊ दिलं होतं. मी ती येणार हे ऐकलं तेव्हापासून काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. पाच वर्षांचं साठवलेलं होतं माझ्याकडे. ती स्वयंपाकघरात आली, उंच झाली होती, डोळे हुबेहूब बापाचे. मी तिला बसायलाही सांगितलं नाही.

"यास्ना, तो खोटं बोलत नव्हता. इथे तारीख दुपारी बदलते. चूक झाली त्याची, माझी, आमची सगळ्यांची. तू ते मानलं नाहीस, ठीक आहे. पण मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय त्याला खंगताना."

"मला माहीत आहे, तिया."

"काय माहीत आहे?"

"ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी पहिल्यांदा फोनवर लिहिलं ना, त्याच दिवशी मला पटलं. मी डोंगरावरच्या माणसाची मुलगी आहे. माझा दहावा वाढदिवस त्यांनी एक दिवस उशिरा केला होता, त्याच हिशेबानं. विमानतळावर मी खूप रडले, आणि त्यांचं वाचल्यावर हसले. नवऱ्याला सांगितलं, बघ, असे आहेत आमचे बाबा."

माझ्या हातातला चमचा मी खाली ठेवला. इतका वेळ तो मी धरून होते हेच मला कळलं नव्हतं.

"मग मेले, पाच वर्षं एक ओळ लिहायला काय झालं होतं तुला? 'बाबा, पटलं' एवढंच. दोन शब्द. तो माणूस तेवढ्यासाठी जगत होता."

मूल कुरकुरलं. तिनं त्याला थोपटलं.

"लहानपणी मी त्यांना पत्रं लिहायची, तिया. ते उत्तरात एक ओळ लिहायचे, 'बरा आहे, अभ्यास कर.' आणि आता दर महिन्याला पाकीट यायला लागलं. जाडजूड. त्यांच्या अक्षरातलं. तारा कसा आहे, तुम्ही काय रांधलं, आईबद्दलसुद्धा. आईबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नव्हते." तिनं झोळी सावरली. "मी दर वेळी लिहायला बसायची, बाबा, मला पटलंय. आणि पाठवायची नाही. कारण पटलं म्हणून कळवलं असतं, तर पत्रं थांबली असती."

मी खुर्ची ओढली आणि तिला बसायला दिली.